ताटीआडचे बोलणे

माउली, वारीत शेजारी चालणाऱ्याचे आडनाव आपल्याला ठाऊक नसते, तरी दिवे घाट चढून होईपर्यंत तो घरचे सारे सांगून मोकळा होतो. ते ऐकलेले आपण पुढे काय करतो?

काही वर्षांपूर्वी आमच्या दिंडीत एक गृहस्थ होते. मनाच्या आजाराची गोळी चालू होती. निघताना मुलाने दिंडीचालकांना सांगून ठेवले होते, गोळी चुकू देऊ नका, जागरण होऊ देऊ नका. सासवडला हे दोघा-तिघांना ठाऊक होते, वाल्ह्याला साऱ्या राहुटीला. कोणी वाईट बोलले नाही. उलट सगळे त्यांना जपू लागले. पण वीणा घेऊन चालायची त्यांची पाळी परस्पर दुसऱ्याला दिली गेली. लोणंदहून ते घरी परतले. ती गोष्ट एकाला मीही सांगितली होती. काळजीपोटीच.

वाक्य तेच होते, मुलाचेही आणि माझेही. मुलाने ज्याला सांगितले त्याच्या हातात काही करणे होते. मी ज्याला सांगितले त्याला फक्त ऐकायचे होते. काळजी हा शब्द फार सोयीचा आहे. निंदेची माळ घालून हिंडणारे आपण, काळजीच्या नावाखाली तेच करतो.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या 23 व्या कलमाने रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. उपचारासाठी एका डॉक्टरने दुसऱ्याला सांगावे, रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला सांगावे, कोणाच्या जिवावर बेतत असेल तर सांगावे, अशा मोजक्या वाटा त्यात मोकळ्या आहेत. दुसऱ्या कोणाला इजेपासून वाचवायचे असेल, तरी त्यासाठी लागेल तेवढीच माहिती द्यायची. हा कायदा डॉक्टरांना बांधतो, राहुटीतल्या तुम्हाआम्हाला नाही. म्हणून आपली जबाबदारी अधिक, असे मला वाटते.

तुम्ही म्हणाल, कोणी जीव द्यायचे बोलला तर? तर मौन धरू नये. त्याला एकटे सोडू नये, आणि जो मदत करील त्याला त्याच क्षणी सांगावे. शक्य असेल तर आधी त्यालाच म्हणावे, ‘मी हे अमक्याला सांगणार आहे.’

ज्ञानोबाराय लोकांच्या छळाने उद्विग्न होऊन ताटी लावून बसले, ही कथा आपल्याला पाठ आहे. मुक्ताई दाराशी उभी राहून त्यांच्याशीच बोलली. आळंदीच्या लोकांना तिने गोळा केले नाही. (ते अभंग आज आपण सारे गातो खरे, पण त्या दिवशी ते बहिणीने भावाशी केलेले बोलणे होते.)

ते गृहस्थ पुढल्या आषाढीला आले नाहीत. क्षमा मागायला त्यांच्या गावी जावे असे दर वर्षी मनात येते. पण दारात मला पाहून शेजारी विचारतील, कोण आले, कशाला आले. आणि तोच विषय पुन्हा निघेल. अजून गेलो नाही.