बेशुद्ध रुग्णाच्या वतीने सही

मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला की माणूस अचानक असह्य डोकेदुखीने कोसळतो. बहुधा रक्तवाहिनीवरचा फुगा फुटलेला असतो. तो बंद केला तरी पुढचे काही दिवस धोक्याचे असतात. इजा झालेल्या पेशींतून ग्लुटामेट नावाचे रसायन बाहेर पडते. एरवी त्याच्याच आधारे आपण शिकतो, आठवणी जपतो. पण प्रमाणाबाहेर वाढले की ते शेजारच्या पेशींनाही मारते. मग ते अडवावे, हा विचार साहजिकच पुढे आला. मॅग्नेशियम हे काम करते. ते स्वस्त आहे आणि गरोदरपणातील झटक्यांसाठी आपल्याकडेही वापरतात.

युरोप व दक्षिण अमेरिकेत १२०४ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. काहींना मॅग्नेशियम, काहींना दिसायला तसेच पण औषध नसलेले सलाइन. २०१२ साली निकाल आला. मॅग्नेशियम मिळालेल्या १०० रुग्णांपैकी सुमारे २६ दगावले वा परावलंबी झाले. न मिळालेल्यांपैकी सुमारे २५. म्हणजे उपयोग शून्य. हे कळले, हाही लाभच.

पण असा रुग्ण अनेकदा शुद्धीवर नसतो. सही मुलगा करतो किंवा पत्नी. पुढच्या रुग्णांचे भले व्हावे म्हणून आपण स्वतःचे रक्त देतो, तसे आईचे शरीर देऊ शकतो का? दुसऱ्याच्या वतीने उदार होणे फार सोपे असते! आणि धोका काल्पनिक नाही. ग्लुटामेट अडवणाऱ्या सेल्फोटेल या औषधाच्या पक्षाघातावरील चाचण्या मृत्यूंच्या काळजीने मध्येच थांबवाव्या लागल्या होत्या.

सप्टेंबर १९५२ मध्ये पोप पायस बारावे मज्जासंस्थेच्या अभ्यासकांपुढे याच प्रश्नावर बोलले. महायुद्धानंतरच्या खटल्यांतून डॉक्टरांची क्रूर कृत्ये तेव्हा नुकतीच उघड झाली होती. हात जसा शरीराचा अवयव, तसा माणूस समाजाचा अवयव नव्हे, म्हणून समाजहितासाठी त्याला वापरता येत नाही, असे त्यांनी बजावले.

म्हणून आम्हांला वाटते, औषधाने त्याच रुग्णाचे भले होण्याची खरी आशा असेल, नेहमीचे उपचार चालूच राहणार असतील आणि नकार दिल्यास सेवेत कमतरता येणार नसेल, तर नातेवाइकांनी सही करायला हरकत नाही. मात्र कागद वाचून, प्रश्न विचारून. घाई असतेच, तरी पाच मिनिटे मागता येतात. आणि आई शुद्धीवर आली की तिला सारे सांगून पुन्हा विचारायला हवे. ती नको म्हणाली, तर मुलाची सही तिथेच संपते.