लेखणी एकच, करार दोन



युरोपातील एखाद्या मोठ्या व्यवसाय-शिक्षण विद्यापीठात मुलाला किंवा मुलीला प्रवेश मिळाला, की घरात आनंदासोबत एक अवघड प्रश्नही येतो. जेथे वित्तशास्त्राच्या वर्गात व्याजदराचे गणित शिकवले जाते, ते शिक्षण मोमिनाने घ्यावे काय? काही जण एका शब्दात ‘नाही’ म्हणतात. काही जण ‘शिक्षणासाठी सारे चालते’ असे म्हणून प्रश्नच मिटवून टाकतात. ही दोन्ही उत्तरे सोपी आहेत, म्हणूनच ती तपासून पाहणे आपले कर्तव्य आहे.

उदाहरणादाखल ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथील अर्थ व व्यवसाय विद्यापीठ घ्या. १८९८ मध्ये ते निर्यात अकादमी म्हणून सुरू झाले. आज तेथे २०,००० हून अधिक विद्यार्थी शिकतात. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या नव्या परिसरातील ग्रंथालयाची रचना बगदादमध्ये जन्मलेल्या झाहा हदीद यांची आहे. तेथे हिशेबशास्त्र, लेखापरीक्षण, विपणन, मालाची ने-आण आणि कंपनी कायदा शिकवतात. तसेच कर्जरोख्यांचे मूल्य कसे काढावे, हेही शिकवतात. म्हणजे व्याज हा या विद्येचा एक भाग आहे. ती संपूर्ण विद्या नव्हे.

आता दिव्य कुरआनकडे वळू. सूरह अल-बकराची २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत. तीत मुदतीच्या कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि लिहिण्यास नकार देऊ नये, असेही बजावले आहे. दुसरीकडे, सहीह मुस्लिममधील हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी व्याज घेणारा, देणारा, तो व्यवहार लिहिणारा आणि त्याचे दोन्ही साक्षीदार यांचा धिक्कार केला आणि पापात सर्वांना समान ठरवले. येथे क्षणभर थांबा. एका ठिकाणी लिहिणाऱ्याला जबाबदारीचे स्थान आहे, दुसऱ्या ठिकाणी त्याचा धिक्कार आहे. लेखणी तीच, अक्षरे तीच. वेगळा आहे तो करार. यावरून दोन गोष्टी निघतात. लिहिण्याचे कौशल्य स्वतः दोषी नाही. परंतु ‘मी केवळ लिहून देतो, पैसा माझा नाही’ ही सबबही चालणार नाही.

मग वाईटाचे ज्ञान का घ्यावे? ह. हुजैफा (रजि.) सांगत की, इतर लोक प्रेषितांना (स.) भलाईविषयी विचारत, आणि ते स्वतः बुराईविषयी विचारत, ती आपल्याला गाठेल या भीतीने. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली, त्यामागे घरकर्जे एकत्र बांधून त्यांची जोखीम पुढे विकत राहण्याचा मोठा व्यवहार होता. असे करार वाचता येणारी माणसे समाजात नसतील, तर विधवेच्या ठेवीचे आणि लहान दुकानदाराच्या भांडवलाचे रक्षण कोण करील? ‘हलाल’ची पाटी लावून पैसे गोळा करणाऱ्यांचा ताळेबंद कोण तपासील?

तरीही सावधगिरी हवी. ह. हुजैफांच्या (रजि.) विचारण्यामागे भीती होती. जो रोज व्याजाचे गणित सोडवतो, त्याची ती भीती हळूहळू बोथट होऊ शकते. आधी शब्द सवयीचे होतात, मग व्यवहार. म्हणून ज्ञान घेताना उद्देश वारंवार तपासावा लागतो. जे उपयोगी पडत नाही अशा ज्ञानापासून प्रेषित (स.) अल्लाहचा आश्रय मागत, हे आपण विसरू नये.

वाचकहो, व्याजाचा प्रश्न वर्गात पोहोचण्याआधी आपल्या घरात येतो. फी कशी भरणार? व्हिएन्नाच्या या विद्यापीठात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्याला सर्वसाधारणपणे एका सत्रासाठी ७२६.७२ युरो फी आहे. खरा भार राहण्या-खाण्याचा. अनेक खासगी संस्थांत मात्र फीच अतिशय मोठी असते. पुष्कळ कुटुंबे आधी नावाजलेली संस्था निवडतात, नंतर व्याजी कर्ज घेतात आणि शेवटी त्याला ‘नाइलाज’ म्हणतात. स्वस्त पर्याय समोर असताना केलेली निवड नाइलाज ठरत नाही. आणि नातेवाइकांनो, जमातीच्या जबाबदार मंडळींनो, लग्नाच्या मांडवावर लाखो खर्चणारे आपण एका होतकरू मुलीला कर्जे-हसना देऊ शकत नसू, तर तिला व्याज हराम आहे हे कोणत्या तोंडाने सांगणार?

म्हणून मुलांना पाठवण्याआधी त्यांच्यासोबत बसा. पदवीनंतर कोणत्या कागदावर सही करणार नाही, हे नोकरीचे पत्र हाती येण्यापूर्वी ठरवा. पगाराचा आकडा पाहिल्यावर ते ठरवणे फार कठीण जाते. लेखापरीक्षण, उत्पादन, व्यापार, वक्फचे व्यवस्थापन असे मार्ग खुले आहेत. ते कमी पगाराचे असू शकतात, हेही मुलांना स्पष्ट सांगा.

अल्लाह आपल्या मुलांना उपकारक ज्ञान आणि हलाल उपजीविका देवो, आणि त्यांना साहाय्य करण्याची सद्बुद्धी आपल्याला देवो. आमीन.