अनामाचे ऋण : साधनद्रव्य आणि कलावंताचा अधिकार

कलाकृतीचे साधनद्रव्य नैतिकदृष्ट्या तटस्थ असते, हे गृहीतक मराठीतील सौंदर्यविचारात बहुधा न तपासताच स्वीकारले गेले आहे. संगमरवर कोणत्या खाणीतला, रंग कोणी कुटला, हे प्रश्न आस्वादाच्या कक्षेबाहेरचे मानले जातात. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे सौंदर्याची जी उपपत्ती मांडली, तिच्यात द्रव्याला महत्त्व आहे ते त्याच्या संवेद्य गुणांमुळे. त्याच्या पूर्वायुष्याला तेथे स्थान नाही. रंग आणि स्वर यांच्यापुरती ही भूमिका बरीचशी निभावते. मात्र कलावंत जेव्हा वापरलेल्या, टाकलेल्या, दुसऱ्या कोणाच्या आयुष्यातून आलेल्या वस्तूच हाताळू लागतो, तेव्हा तिच्या मर्यादा उघड होतात. अशी वस्तू आपला इतिहास बरोबर घेऊन येते, आणि त्या इतिहासावर कलावंताचा अधिकार कोणता, हा प्रश्न टाळता येत नाही.

विवान सुंदरम (१९४३–२०२३) यांची कारकीर्द या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष उपयुक्त आहे. बडोदे आणि लंडनचे स्लेड स्कूल येथे शिकलेला हा चित्रकार १९९० च्या सुमारास कॅनव्हास आणि तैलरंग यांच्यापासून दूर जाऊ लागला. आखाती युद्धाच्या पार्श्वभूमीवर १९९१ मध्ये त्यांनी कागदावर कोळसा आणि इंजिन ऑइल वापरून चित्रे केली. ज्या तेलासाठी युद्ध झाले ते तेलच येथे चित्राचे द्रव्य झाले. द्रव्य आणि आशय यांच्यातील अंतर असे कमी होत गेले, आणि पुढल्या मांडणशिल्पांत ते जवळजवळ नाहीसे झाले.

‘मेमोरियल’ ही त्यांपैकी सर्वांत अस्वस्थ करणारी कलाकृती होय. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळात ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे छायाचित्रकार होशी जाल यांनी रस्त्यावर पडलेल्या एका प्रेताचे छायाचित्र टिपले. मृताचे नाव छायाचित्र सांगत नाही. सुंदरम यांनी या छायाचित्राच्या अनेक प्रती घेतल्या आणि त्यांवर खिळे रोवले. पत्र्याच्या ट्रंकांचे प्रवेशद्वार आणि काचेची पेटी यांच्या सान्निध्यात त्या मांडून त्यांनी एका स्मारकाची जागा निर्माण केली.

येथे पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त दाखविलेली लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांची द्विध्रुवात्मकता केवळ तात्त्विक राहत नाही. अलौकिकतावादी भूमिका घेतली, तर खिळ्यांच्या रांगांची लय, धातूची चमक आणि कागदाचा करडेपणा यांचा आस्वाद घ्यायचा आणि प्रेत विसरायचे. पण प्रेत विसरले की कलाकृतीच उरत नाही. खिळे कशावर रोवले आहेत हे जाणल्याखेरीज त्यांच्या रांगेला अर्थ नाही. उलट निव्वळ लौकिक भूमिका घेतली, तर एका असहाय माणसाच्या मरणाचा, त्याच्या संमतीवाचून, वापर झाला एवढाच निष्कर्ष हाती येतो. तो खोटा नाही. तथापि त्याच न्यायाने वर्तमानपत्रालाही दोषी ठरवावे लागेल, आणि दुसऱ्या दिवशी तो अंक रद्दीत टाकणाऱ्या प्रत्येक वाचकालाही. सुंदरम यांची कृती सुरू होते ती या रद्दीत जाण्याच्या क्षणाला अडवून.

अधिकाराच्या प्रश्नाची नेमकी मांडणी करण्यासाठी त्यांच्या आणखी दोन कृतींशी तुलना करणे इष्ट ठरेल. ‘री-टेक ऑफ अमृता’ या २००१ नंतरच्या छायाचित्रमालेत त्यांनी आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेली घरातली छायाचित्रे एकमेकांत गुंफली. अमृता शेरगिल ही त्यांची मावशी. तेथे द्रव्य वारशाने आलेले आहे. २००८ मधील ‘ट्रॅश’साठी दिल्लीतील कचरावेचकांच्या साहाय्याने गोळा झालेल्या कचऱ्यातून त्यांनी एक नगर मांडले. तेथे द्रव्यामागे जिवंत माणसांचे श्रम आहेत. त्यांच्याशी व्यवहार करता येतो, ती नकारही देऊ शकतात. ‘मेमोरियल’मध्ये मात्र यांपैकी कोणतेच नाते उपलब्ध नाही. वारसा नाही, व्यवहार नाही, आणि नकार देण्याची शक्यताही नाही.

दलित साहित्याच्या चर्चेत मराठी समीक्षेला अनुभवाच्या अधिकाराचा प्रश्न परिचित झाला आहे : ज्याने भोगले नाही त्याने लिहावे काय? सुंदरम यांच्या कृतीत या प्रश्नाचे एक मर्यादित उत्तर सापडते. ते मृताच्या वतीने बोलत नाहीत. त्याला नाव, कुटुंब, कथा बहाल करण्याचा मोह त्यांनी टाळला आहे. खिळा कागदाला भोसकतो, पण शवपेटी बंद करतो तोही खिळाच. त्यामुळे दाट रोवलेल्या खिळ्यांखाली देह झाकलाही जातो. रस्त्यावर ज्याला कोणी चादर घातली नाही, त्याला उशिराने मिळालेले हे आच्छादन आहे, असे म्हणता येईल.

तरीही एक आक्षेप शिल्लक राहतो, आणि तो गंभीर आहे. संग्रहालयाच्या पाटीवर कलावंताचे नाव लागले. मृताचे लागले नाही. आच्छादनाने या विषमतेचे परिमार्जन होत नाही. तसे ते होते असा दावा केला, तर कला आपल्याच पदरी पुण्य बांधून घेते. म्हणून साधनद्रव्याशी असलेले कलावंताचे नाते मालकीच्या परिभाषेत न मांडता ऋणाच्या परिभाषेत मांडणे अधिक सयुक्तिक ठरेल. मालकी सिद्ध झाली की प्रश्न संपतो. ऋण मान्य केले की ते वागवावे लागते, आणि येथे तर ऋणकोला धनकोचे नावही ठाऊक नाही. या कलाकृतीचे साल १९९३ आणि २०१४ असे दुहेरी नोंदले जाते. एकवीस वर्षांनंतर कलावंत त्याच छायाचित्रापाशी परत आला, ही वस्तुस्थिती त्याच्या हेतूविषयी काही सिद्ध करत नाही. पण १९९३ मध्ये ते ऋण फिटले नव्हते, एवढे तिच्यावरून निश्चित म्हणता येते.