दुसऱ्याच्या खांद्यावरचा क्रूस

कुणाच्या घरी कर्करोगाचे निदान झाले, की आपल्या धर्मग्रामांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. देवाने क्रूस दिला आहे, तो आनंदाने वाहावा. बोलणारा बहुधा सज्जन असतो. दुसरे काय बोलावे हे त्याला सुचत नसते आणि गप्प बसणे प्रशस्त वाटत नसते. ऐकणाराही मान डोलावतो. तरीही या वाक्याने आम्हांस पुष्कळ दिवस अस्वस्थ केले आहे. आपले दुःख क्रूस मानून स्वतः उचलणे, आणि दुसऱ्याला त्याचे दुःख हाच त्याचा क्रूस आहे असे आपण सांगणे, या दोन कृती एकच आहेत काय? पहिलीला ख्रिस्तसभेने नेहमीच साधनेचा मान दिला आहे. दुसरीचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हा प्रश्न केमोथेरपीच्या संदर्भात विचारण्यास कारण आहे. अपघात किंवा शस्त्रक्रिया एकदाच कोसळते. माणूस त्या तडाख्यातून उठतो किंवा उठत नाही. केमोथेरपीचे तसे नाही. ती दिनदर्शिकेवर मांडलेली असते. पुष्कळ औषधयोजनांत तीन आठवड्यांचे एक आवर्तन असते, आणि अशी चार, सहा, कधी आठ आवर्तने. आपल्याकडे त्याला सरळ ‘डोस’ म्हणतात. कितवा डोस झाला, असेच विचारले जाते. सहा डोस म्हणजे चार-सव्वाचार महिने. या महिन्यांत दळण थांबत नाही, मुलांची फी थांबत नाही, भावकीतली लग्ने थांबत नाहीत. रोग्याचे आयुष्य बाजूला ठेवून उपचार चालत नाहीत. ते महिने हेच त्याचे आयुष्य असते.

शिवाय या दुःखाचा उगम नीट पाहिला पाहिजे. शरीरात ज्या पेशी भराभर वाढतात त्यांच्यावर हे औषध तुटून पडते. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जा याही तशाच. म्हणून केस जातात, तोंड येते, मळमळते, पांढऱ्या पेशी घसरतात. उंची व वजनावरून शरीराचे क्षेत्रफळ काढून, मिलिग्रॅममध्ये मोजून माणसाने माणसाला दिलेले हे दुःख आहे, बरे करण्याच्या हेतूने दिलेले. रात्री तीन वाजता घमेल्यावर ओणवे झालेल्या बाईला ‘देवाने दिले’ असे सांगणे निर्दय तर आहेच, पण ते ढिसाळ धर्मज्ञानही आहे. देवाचे देणे शोधायचेच असेल तर ते औषधाच्या अंगाने शोधावे. मराठवाड्यातल्या बहुतेक अंगणांत सदाफुली फुलते. तिच्या जातीच्या झाडापासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही दोन औषधे निघाली आणि 1960 च्या दशकात रुग्णांच्या वापरात आली. (म्हणून सदाफुलीची पाने चावून खाणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगावेसे वाटते, की ते झाड विषारी आहे, औषध आहे ते शुद्ध केलेल्या आणि मोजलेल्या थेंबात.)

हिंगोली जिल्ह्यातल्या घराला या उपचारात आणखी एक वजन वाहावे लागते, ते अंतराचे. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. येथून केमोथेरपीसाठी नांदेड गाठायचे, नाहीतर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, जे 2012 पासून चालू आहे आणि येथून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. फार तर परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरायची. शासनाच्या आरोग्य योजनेतून औषधाचा मोठा खर्च निघतो, ही मोठीच गोष्ट झाली. पण सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी कोणत्याही योजनेत बसत नाही. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी कमी निघाल्या, की डॉक्टर डोस आठवडाभर पुढे ढकलतात. ते योग्यच असते. तरी पहाटेची एसटी धरून गेलेली दोन माणसे त्या दिवशी औषध न घेता परततात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा निघतात. या वजनाला क्रूस म्हणता येईल काय? आम्ही म्हणणार नाही. ते माणसांनी आखलेल्या व्यवस्थेचे वजन आहे आणि माणसांना ते कमी करता येते. केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे काढण्याची घोषणा झाली, त्यांतली 200 पहिल्याच वर्षी. दैव म्हणून स्वीकारलेल्या गोष्टीचा पाठपुरावा कोणी करत नाही. म्हणून शब्द जपून वापरावा.

शब्द किती धावतो हे हिंगोलीने नुकतेच पाहिले. मार्च 2025 मध्ये जिल्ह्यात ‘संजीवनी’ नावाने स्त्रियांची तपासणी मोहीम सुरू झाली. सुमारे 2 लाख 93 हजार स्त्रियांकडून प्रश्नावली भरून घेण्यात आली आणि 14,542 जणींत कर्करोगासारखी लक्षणे आढळली, असे जुलैमध्ये विधिमंडळात सांगण्यात आले. तोवर निश्चित निदान झालेली माणसे डझनभराच्या घरात होती. परंतु बातमी पसरली ती चौदा हजारांची. मोहीम चांगली होती, वेळेवर तपासणी हाच खरा उपाय. पण लक्षण म्हणजे रोग नव्हे, हे ज्या हजारो जणींना आधी कळायला हवे होते, त्यांच्या दारात अहवालापूर्वी शेजारणींची चुकचूक पोहोचली असेल, तर नवल नाही.

आता घरात येऊ. वसमत-हिंगोली हा हळदीचा मुलूख. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिवारात हळद काढली जाते, शिजवली जाते, अंगणात वाळत पडते. त्या वाफेचा वास एरवी घराला बरकतीचा वाटतो. डोस घेऊन आलेल्या माणसाला तोच वास पोटात ढवळून काढतो. सांगायची चोरी, कारण वर्षाचे पैसे त्याच कढईतून निघायचे असतात. याच दिवसांत आपला प्रायश्चित्तकाळ येतो. घरातली मोठी माणसे शुक्रवार पाळतात, क्रूसाच्या वाटेला जातात, आणि आजारी बाई विचारते, मी उपवास केला नाही तर चालेल ना? चालेल असे नव्हे. तिने तो करूच नये. आजाऱ्याला उपवासाचे बंधन नाही. 1983 च्या धर्मविधिसंहितेने तर ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वीचा एका तासाचा उपवासही आजाऱ्यांना माफ केला आहे, आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही. हा दुसरा भाग आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नसतो. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे उशाशी बसलेला माणूसही होता.

तीच गोष्ट वेदनेची. क्रुसावर जाण्यापूर्वी प्रभूने गंधरस घातलेला द्राक्षारस नाकारला, म्हणून आपणही वेदनाशामक नाकारावे, असे मानणारी भाविक मने आजही आहेत. पोप पायस बारावे यांनी 24 फेब्रुवारी 1957 रोजी डॉक्टरांपुढे बोलताना वेदनाशामक औषधे घेण्यास नैतिक हरकत नाही, असे स्पष्ट केले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 11 फेब्रुवारी 1984 रोजी मानवी दुःखावर एक संपूर्ण पत्र लिहिले. त्यात दुःखाला ख्रिस्ताशी जोडण्याची थोरवी आहे. परंतु पत्राच्या शेवटाकडे ते येऊन थांबते ते चांगल्या शमरोन्याच्या दाखल्यापाशी. दुःखाचा अर्थ सांगू लागलेले पत्र जखमेला पट्टी बांधणाऱ्याकडे वळते, हे आम्हांस फार बोलके वाटते. आणि तैलाभ्यंगाचे काय? फादर तेल घेऊन आले म्हणजे आता संपले, ही धास्ती व्हॅटिकन परिषदेनंतर साठ वर्षे होऊनही आपल्या घरांतून गेलेली नाही. हा आजाऱ्याचा संस्कार आहे, तो पुन्हा घेता येतो, आणि पहिल्या डोसापूर्वी घेतला तर त्यात काही अशुभ नाही.

मग मनुष्याने आपले दुःख अर्पण करूच नये काय? जरूर करावे. मुलाच्या परीक्षेसाठी, दारूपासून सुटू पाहणाऱ्या भावासाठी आपल्या वाईट रात्री अर्पण करणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्यापुढे बोलण्यासारखे आपल्याजवळ काही नसते. परंतु हे अर्पण करणाऱ्याने ठरवायचे, आणि पुष्कळदा ते कोणाला सांगितलेही जात नाही. आपण बाहेरून ‘अर्पण कर’ म्हणतो तेव्हा आजाऱ्यावर एक जास्तीचे काम येते: आपल्यासमोर धीराचे दिसण्याचे. धैर्याचेही तसेच. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी 30 जानेवारी 2019 रोजी नाकात नळी असतानाच विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. 17 मार्चला ते गेले. कोणी त्यांना वंदन केले, कोणी म्हणाले त्यांनी विश्रांती घ्यायला हवी होती. तो निर्णय त्यांचा होता, आणि त्याचे मोल ठरवण्याची घाई दोन्ही बाजूंनी झाली. आमच्याकडची मजूर बाई तिसऱ्या आठवड्यात अंगात थोडे बळ येताच खुरपायला जाते, तेव्हा तिचे छायाचित्र कोणी काढत नाही. ती शूर आहे म्हणून जात नाही. रोजगार हवा म्हणून जाते. कोणी विचारलेच तर हसून म्हणते, घरी बसून काय करू.

हा तिसरा आठवडा आपल्या भेटीगाठींच्या हिशेबात नसतो. डोस घेऊन माणूस घरी आला, की दोन दिवसांत सगळे नातलग येऊन जातात. त्या दिवसांत त्याला बोलवत नाही, वास सोसत नाही. त्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. साधी सर्दी घेऊन आलेला पाहुणाही तेव्हा धोक्याचा, आणि ताप 100.4 अंशांवर गेला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा असतो. पंधराव्या दिवसानंतर चव परतू लागते, माणसाला गप्पा माराव्याशा वाटतात, आणि तेव्हा कोणीच येत नाही. ते सहा-सात दिवस त्याचे स्वतःचे असतात. मिस्साला यायचे तर तेव्हाच. केस गेलेल्या डोक्यावरून पदर घट्ट ओढून मागच्या बाकावर बसलेल्या बाईकडे वळून पाहू नये, एवढी रीत आपण मुलांना शिकवू शकतो. केशवपनाच्या आठवणी असलेल्या समाजात सवाष्णीचे मुंडलेले डोके किती नजरा ओढते, हे तिला ठाऊक असते.

ईयोबाचे मित्र आपल्याकडे नेहमी वाईट ठरतात. तरी ते आले तेव्हा सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर निमूट बसले होते, हे विसरू नये. बिघडले ते त्यांनी अर्थ सांगायला सुरुवात केली तेव्हा. आणि शुभवर्तमानात दुसऱ्याचा क्रूस प्रत्यक्ष वाहिलेला माणूस एकच आहे, कुरेनेकर शिमोन. तो शिवारातून घरी परतत होता. त्याने प्रभूला काही सांगितले अशी नोंद नाही. त्याने लाकूड उचलले.

त्याने ते आपखुशीने उचलले नाही, हेही मार्काने लपवलेले नाही. शिपायांनी त्याला वेठीला धरले. शुश्रूषा करणाऱ्यांविषयी बोलताना आपण हे ध्यानात घेत नाही. नवरा, सून, धाकटा भाऊ, जो कोणी दर तीन आठवड्यांनी पिशवीत रिपोर्टची फाइल, गरम पाण्याची बाटली आणि दोन चादरी घेऊन निघतो, तो प्रत्येक वेळी प्रेमाने उचंबळून निघतो असे नाही. कधी तो चिडलेला असतो, कधी उसनवारीच्या विचारात असतो, कधी हे केव्हा संपणार असे मनात येते आणि त्या विचाराची त्याला लाज वाटते. पापनिवेदनात तो हे बोलत असेल. आम्हांस वाटते, यात पापापेक्षा थकवा अधिक आहे. वेठीने उचललेले ओझेही ओझेच असते आणि ते वाहिले गेले, हे खरे असते. मार्काने शिमोनाच्या मुलांची, आलेक्सांद्र आणि रूफ यांची, नावे दिली आहेत, जणू वाचणारे त्यांना ओळखत होते.

अशा माणसाला धीराच्या शब्दांची गरज थोडी असते. धर्मग्रामात दहा घरे असली तरी त्यांतून एक जण चौथ्या डोसाला सोबत जाऊ शकतो. त्याने एसटीच्या वेळा, रक्ततपासणीची खिडकी, भाताचा डबा कोठे मिळतो हे एकदा विचारून घ्यावे, आणि जावे. घरच्या माणसाला तेवढे दोन दिवस हळद शिजवायला मिळतात.