रोखलेला श्वास

शरीराचे बहुतेक व्यापार आमच्या संमतीवाचून चालतात. हृदयाला थांब म्हटले तर ते थांबत नाही. जठर आमची आज्ञा मानत नाही. श्वासाचे तसे नाही. झोपेत तो आपला आपण चालतो. जागेपणी मनात आणले तर तो लांबवता येतो, काही काळ अडवताही येतो. जी सत्ता आपल्या हाती अशी थोडीशीच दिलेली आहे, ती कशी वापरावी? हा प्रश्न आरोग्याइतकाच नीतीचाही आहे, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. निमित्त मात्र अगदी साधे घडले.

निवृत्तीनंतर कंबरदुखीने आम्हांस गाठले. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि सूनबाईंनी ‘पिलाटीज’ नावाचा प्रकार सतरंजीवर शिकवावयास घेतला. हे नाव म्हणजे एक आडनाव आहे, हे मागाहून कळले. जोसेफ पिलाटीज १८८३ साली जर्मनीत जन्मला. बालपणी दमा आणि मुडदूस यांनी तो पीडलेला होता. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला स्थानबद्ध केले होते; पुढे त्याने न्यूयॉर्कमध्ये व्यायामशाळा चालविली. आपल्या पद्धतीस तो ‘कंट्रोलॉजी’, म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र, म्हणे. मौज अशी की, नियंत्रणाचा हा पुरस्कर्ता १९४५ सालच्या आपल्या पुस्तकात श्वास पुरता सोडण्याचा आग्रह धरतो. ओले फडके पिळावे तशी फुप्फुसे रिकामी करा, म्हणजे ताज्या हवेला जागा होईल, असे त्याचे म्हणणे. दमेकऱ्याची खरी अडचण बहुधा हवा बाहेर टाकण्यातच असते. तेव्हा हा आग्रह त्याच्या बालपणातूनच आला असावा, असा आमचा तर्क आहे.

रीत अशी : पोट किंचित आत घेतलेले ठेवून नाकाने श्वास घ्यावा, तो बरगड्यांच्या बाजूंना व पाठीत पसरू द्यावा आणि जोर लावण्याच्या क्षणी सोडावा. ‘हंड्रेड’ या व्यायामात उताणे पडून हात शंभर वेळा खालीवर हलवायचे असतात. पाच हालचालींत श्वास घ्यायचा, पाचांत सोडायचा, अशी दहा आवर्तने. आम्ही पहिल्याच आवर्तनात अडलो. “बाबा, तुम्ही श्वास धरून ठेवलात,” सूनबाई म्हणाल्या. आम्हांस त्याचा पत्ताही नव्हता. जोर लावताना श्वास कोंडला की छातीतला दाब वाढतो आणि रक्तदाब एकाएकी चढतो. आमच्यासारख्या गोळ्या घेणाऱ्याने तर हे टाळलेच पाहिजे.

काही अवघड पुढे आले की आम्ही श्वास रोखतो, ही सवय सतरंजीवर लागलेली नव्हती. नोकरीत असताना एका दिवंगत शिपायाच्या पत्नीचे निवृत्तिवेतनाचे प्रकरण आमच्याकडे आले. कागद पुरे होते. वरिष्ठांनी तोंडी नाराजी दर्शविली, लेखी काही दिले नाही. आम्ही होकार लिहिला नाही, नकारही लिहिला नाही. फाईल चार महिने कपाटात ठेवली. पुढे आमची बदली झाली आणि आमच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने सही केली. त्या चार महिन्यांना आम्ही मनात ‘संयम’ म्हणत होतो.

कोणी म्हणेल, रोखणे आपल्या परंपरेतही आहेच. पतंजलींनी आसनानंतर प्राणायाम सांगितला आणि कुंभक म्हणजे तरी रोखलेला श्वासच. खरे आहे. परंतु कुंभक करणारा जाणून रोखतो, आपल्या शक्तीचे माप ओळखून रोखतो आणि सोडण्याची वेळ आली की सावकाश सोडतो. आम्ही भीतीने रोखला आणि तो रोखला आहे हे स्वतःलाही कळू दिले नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. रोखणाऱ्याला सोडण्याची वेळ ठाऊक आहे की नाही, यावरून संयम आणि भय वेगळे ओळखता येतात, असे आम्हांस वाटते.

दुसरा आक्षेप असा की, प्रत्येक श्वासावर पहारा ठेवला तर सहजता कोठे उरली? याचा अनुभव आम्ही घेतला. प्रथम सारे अंग ताठ झाले. काही आठवड्यांनी पहारा आपोआप सैल पडला आणि जोर लावताना श्वास सुटू लागला. नियंत्रण हे पाडासारखे असावे. भिंत उभी राहीपर्यंतच त्याचे काम. शिवाय श्वासावरील आमची सत्ता उसनी आहे. हट्टाने कितीही कोंडला तरी शेवटी शरीर तो आमच्या हातून काढून घेते. फाईलचे तसे नसते. ती कपाटात वर्षानुवर्षे निमूट पडून राहते. म्हणून तेथील जबाबदारी अधिक मोठी होती.

त्या बाईंनी तक्रार केली नाही. त्या चार महिन्यांत त्यांनी घर कसे चालविले, हे आम्ही कधी विचारलेही नाही. सकाळी सतरंजीवर श्वास पुरता सोडताना हे आठवते. श्वास पुन्हा घेता येतो. ते महिने परत देता येत नाहीत.