सावलीची तारीख

चंदनसारला माझ्या अंगणात बारा अंगुळांची एक काठी रोवलेली आहे. जुने ज्योतिषी हिला शंकू म्हणत. माध्यान्ही सावली सर्वांत आखूड झाली, की ती मोजायची आणि तारीख ओळखायची, हा माझा सुटीतला उद्योग.

मार्चच्या व सप्टेंबरच्या विषुवदिनी ही सावली सुमारे सव्वाचार अंगुळे भरते; पंचांगात हिलाच पलभा म्हणतात. २२ डिसेंबरला ती अकरा अंगुळांवर जाते. १७ मेच्या सुमारास सूर्य थेट माथ्यावर येतो आणि काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. २६ जुलैच्या सुमारास पुन्हा तसेच घडते. पण तेव्हा जीवदानीचा डोंगरच ढगांत बुडालेला, तिथे सावली कुठली दिसणार!

एक अडचण मात्र राहते. दिवाळीच्या दिवसांत, ५ नोव्हेंबरला, सावली आठ अंगुळांहून थोडी अधिक असते. ६ फेब्रुवारीलाही ती जवळजवळ तेवढीच! मग आज तारीख कोणती? एकटी सावली ते सांगत नाही. कालची सावली ठाऊक हवी. वाढत असेल तर नोव्हेंबर, आखडत असेल तर फेब्रुवारी.

हे मला काठीपाशी समजले. वर्गात समजले नव्हते. एका वर्षी दोन मुलांना गणितात चाळीस-चाळीस गुण मिळाले. दोघांच्या प्रगतिपुस्तकांत मी एकच शेरा लिहिला : ‘साधारण’. त्यांतला एक विसांवरून चढत आला होता, दुसरा सत्तरांवरून उतरत चालला होता. पहिला हिरमुसला. दुसऱ्याने पुढच्या सत्रात शाळाच सोडली. वडील अंथरुणाला खिळलेले आणि पोरगा रात्री कामाला जातो, हे मला मागाहून कळले.

कुणी म्हणेल, चाळीस म्हणजे चाळीस. न्याय सर्वांना सारखा. खरे आहे. माझे माप चुकले नव्हते. पण माप बरोबर असूनही माणूस चुकीचा वाचता येतो. तो कुठे आहे एवढेच मी पाहिले. कुठून आला आणि कुठे निघाला, हे विचारले नाही.

दिवाळीत घरी पाहुणे येतात. कुणाचे बरे चालले आहे, कुणाचे नाही, हे आपण फराळाच्या ताटापाशीच ठरवून टाकतो. तेव्हा मला ती काठी आठवते.

हल्ली शेरा लिहिण्याआधी मी मागच्या परीक्षेचे गुण शेजारी मांडून पाहतो. त्या दुसऱ्या मुलाला मात्र त्याचा आता काही उपयोग नाही.