कडेचे गवत



ऑक्टोबर लागला की आपल्या धर्मग्रामात एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे दफनभूमीतले गवत. २ नोव्हेंबरला आपण सर्व मृत भाविकांचे स्मरण करतो. फुले आणि मेणबत्त्या घेऊन आपल्या माणसांच्या कबरींपाशी उभे राहतो. पावसाळ्यात गुडघाभर वाढलेले गवत त्याआधी कापावेच लागते. दिसायला हा किरकोळ कामाचा विषय. पण काही वर्षांपूर्वी याच विषयाने मला एक प्रश्न दिला. तो अजून मनातून जात नाही, म्हणून तो आज तुमच्यापुढे ठेवतो.

त्या वर्षी बैठकीत कोणी तरी सुचवले, ‘दरवर्षी कापत बसण्यापेक्षा एकदाच तणनाशक मारू.’ सर्वांत आधी हात वर करणारा मीच होतो. फवारणी झाली. आठ-दहा दिवसांत गवत पिवळे पडले. कबरींच्या ओळी स्वच्छ दिसू लागल्या. मला फार समाधान वाटले.

त्याच आठवड्यात एक मावशी फाटकाशी आल्या. हातात विळा, खांद्यावर दोरी. दरवर्षी पाऊस सरताना त्या यायच्या, दोन-तीन दिवस खपून गवत कापायच्या आणि भारे बांधून म्हशीसाठी न्यायच्या. मी त्यांना म्हणालो, ‘मावशी, या साली गवत नेऊ नका. औषध मारलंय. जनावराला बाधेल.’ त्यांनी आत एकदा पाहिले, ‘बरं बाबा’ म्हणाल्या आणि दोरी गुंडाळत परत गेल्या. त्या भांडल्या असत्या, तर मला उत्तर देता आले असते.

उत्तर माझ्याकडे तयार होते. जागा आपली, गवत आपले. मावशींशी कसला करार नव्हता. आपण त्यांना मजुरी देत नव्हतो, त्या आपल्याला गवताचे पैसे देत नव्हत्या. मग आपण त्यांचे काय देणे लागत होतो?

विचार करताना लक्षात आले की एकाच कामाला दोन नावे होती. आपण त्याला ‘फुकटात होणारी साफसफाई’ म्हणत होतो आणि मावशी त्यालाच ‘चारा’ म्हणत होत्या. ज्याच्याकडे शेत आहे, त्याला ज्वारीचा कडबा मिळतो. मावशींकडे शेत नव्हते. होती ती एक म्हैस आणि दुधाची चार घरे. इतकी वर्षे दोन्ही बाजूंची गरज भागत होती आणि हिशेब कोणीच ठेवला नव्हता. हिशेब नव्हता म्हणजे देणे नव्हते, असे मी धरून चाललो. पण जिथे हिशेब नसतो, तिथे विश्वास असतो. तो मोडण्याआधी निदान विचारायला तरी हवे होते. ‘मावशी, असे करायचे ठरते आहे, तुमचे कसे होईल?’ एवढा एक प्रश्न. बैठकीत तो कोणालाच सुचला नाही. मलाही नाही.

असे का झाले? मला वाटते, गवताला आपण आधीच ‘कचरा’ म्हणून टाकले होते. एखाद्या गोष्टीला एकदा कचरा म्हटले की ती कोणाच्या उपयोगाची असेल, हा विचारच थांबतो.

आपल्या सोलापूरला तर हे चांगले ठाऊक असायला हवे. शहरापासून जवळच नान्नजचा माळ आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली तिथे अभयारण्य झाले. हा पक्षी झाडावर घरटे बांधत नाही, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. त्याला गवताळ माळच लागतो. पण असा माळ सरकारी कागदोपत्री पुष्कळदा ‘पडीक’ ठरत आला. माळावर झाडे लावणे म्हणजे सुधारणा, असे चांगल्या हेतूच्या माणसांनाही बराच काळ वाटत होते. आज देशात मिळून माळढोक दीडशेच्या आसपासच उरले असावेत, असा अंदाज आहे. हेतू चांगला असला, तरी न पाहता केलेले काम कुठे नेते, हे आपल्या दाराशीच दिसते.

मग कापलेली, एकसारखी हिरवळच चांगली, ही कल्पना आली कुठून? गवत कापण्याचे यंत्र १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी तयार केले. गंमत म्हणजे ही कल्पना त्यांना कापड गिरणीत सुचली. विणलेल्या लोकरी कापडावरचे तंतू छाटून ते गुळगुळीत करणारे यंत्र तिथे असे. चादरीच्या आपल्या गावाला हे सहज समजेल. तिकडे उन्हाळा मवाळ आणि पाऊस बारमाही. गवत थंडीत थांबते आणि वसंतात पुन्हा वाढू लागते. आपल्याकडे गवत मृगाच्या पावसाने उगवते, भाद्रपद-आश्विनात फुलोऱ्यावर येते आणि थंडी सरेपर्यंत वाळून जाते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना लॉन हिरवे ठेवायचे, तर चौरस मीटरला रोज निदान पाच लिटर पाणी हवे. म्हणजे एका गुंठ्याला पाचशे लिटर. वर्षानुवर्षे दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी घागरी मांडलेल्या आपल्या गावाला हा हिशेब वेगळा सांगायला नको.

याचा अर्थ गवत कापूच नये, असा नाही. उंच गवतात घोणस दडते. काठी टेकत येणाऱ्या आजीला मोकळी वाट हवी. काँग्रेस गवताने तर अंगाला खाज सुटते. ते फुलावर येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटणेच योग्य. आणि आईच्या कबरीवर रान माजू नये, ही इच्छा प्रेमातूनच येते. प्रश्न कापण्याचा नाही. केव्हा, किती आणि कोणाला विचारून कापायचे, हा आहे.

पवित्र शास्त्रात, लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात, शेतकऱ्याला आज्ञा आहे की शेताच्या अगदी कडेपर्यंत कापणी करायची नाही. तो भाग गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवायचा. आज्ञा शेताच्या मालकाला आहे, हे ध्यानात घ्यावे. शेत त्याचेच आहे, हे कोणी नाकारत नाही. तरीही कडेवर त्याची सत्ता संपते. तिथे येणाऱ्याने भीक मागायची नाही, फक्त यायचे. रूथ अशीच बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली होती.

तेव्हा माझे सुचवणे साधे आहे. कबरींमधले आणि वाटेवरचे गवत फुलोऱ्यात असतानाच विळ्याने कापावे, कारण तेव्हाच चारा सकस असतो. कुंपणाकडेचा पट्टा बी पडेपर्यंत राखावा. तिथे पाखरांना दाणा मिळेल आणि पुढल्या वर्षीचे बीही राहील. तो वाळला की वणव्याची भीती नको म्हणून कापून घ्यावा. तणनाशक पुन्हा आणू नये.

मावशी त्यानंतर आल्या नाहीत. म्हैस विकली की दुसरीकडे सोय झाली, मला माहीत नाही. मी चौकशीला गेलो, तोवर बराच उशीर झाला होता. यंदा स्मरणदिनाला आईच्या कबरीपाशी उभा राहीन, तेव्हा त्यांचीही आठवण होईल. आपल्यापैकी कोणाला चाऱ्याची गरज असलेले घर माहीत असेल, मग ते कोणत्याही धर्माचे असो, त्यांना कृपया सांगावे की फाटक उघडे आहे. विळा आणि दोरी तेवढी बरोबर आणावी.